कौशल्य क्रमांक सात

'नाही म्हणणे' हा विषय तुम्हाला शिकवायला कसा काय मिळाला, असं मला कोणी विचारलं, तर खरं उत्तर एवढंच आहे, की मी नाही म्हटलं नाही म्हणून.

झालं काय, की वरून एक परिपत्रक आलं. वरून म्हणजे कुठून, ते विचारायचं नसतं. पहिली ते चौथीच्या मुलांना व्यवसायांची ओळख करून द्या आणि जीवनकौशल्यं शिकवा, असा हुकूम. सोबत सोळा व्यवसायांची रंगीत चित्रं आणि बारा कौशल्यांची पुस्तिका. माझ्याकडे तिसरी. वर्गातल्या निम्म्या पोरांना बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि त्यांनी म्हणे दोन आठवड्यांत करिअर ठरवायचं! नाडी बांधणं त्या बारा कौशल्यांत नव्हतं, मी दोनदा पाहिलं. 'ताणाचे व्यवस्थापन' मात्र होतं.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणते. त्यांनी सभा घेऊन कौशल्यं वाटली. चांगली चांगली पटापट गेली. 'सर्जनशील विचार' चित्रकलेच्या सरांनी उचललं, 'निरोगी सवयी' चौथीच्या बाईंनी. सातवं कुणी घेईना. सातवं होतं 'ठाम नकार देणे'. मोठ्या बाईंनी एकेकाला विचारलं आणि एकेकाने ठाम नकार दिला. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही घेताय ना?"

"बघते," मी म्हटलं.

माझ्या 'बघते'चा अर्थ अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. 'बघते' म्हणजे 'हो'. मोठ्या बाईंच्या 'बघू'चा अर्थही सगळ्यांना ठाऊक आहे. 'बघू' म्हणजे 'नाही'. क्रियापद एकच, पण ते कुठल्या खुर्चीत बसून म्हटलंय यावर सगळं असतं. बावीस वर्षं मी 'बघते' म्हणत आलेय. मनात मी कशी आहे, ते विचारू नका. मनात मी मोठ्या बाईंना इतक्या वेळा झापलंय, की त्यांना स्वप्नात ऐकू जात असेल. पण तोंड उघडलं की बाहेर येतं ते 'बघते'. आडात भरपूर आहे, पण पोहऱ्यात काही येत नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझा रजेचा अर्ज मोठ्या बाईंच्या खणात पडलेला होता. एका दिवसाचा. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारचा. त्या दिवशी सकाळी दहा वाजता आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

उजव्या डोळ्याचं गेल्या वर्षी झालं. तेव्हाही मी जाणार होते. साडी नेसून, डबा भरून, तयार होते. मोठ्या बाईंचा फोन आला, की बक्षीस समारंभाच्या फलकावर 'अभिनंदन' चुकलंय का ते पाच मिनिटांत येऊन बघून जा. मी गेले. 'अभिनंदन' बरोबर होतं, बाकी सगळं चुकलेलं होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. शेजारच्या काकूंनी आईला सकाळी नेऊन सोडलं होतं, आणि नातेवाइकाच्या सहीशिवाय तिला घरी पाठवत नव्हते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने दिसत नाही, अशी ती बाकावर बसून होती. कोणाची पावलं वाजली की विचारायची, "आलीस का गं?" हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. आई एका शब्दाने बोलली नाही. उलट म्हणाली, "अगं, शाळा आहे, होतं असं."

या वेळी मात्र तिने आधीच सांगून ठेवलं होतं. "शुक्रवारी ये हं तू. मागच्या वेळी फार भीती वाटली मला." माझ्या आईने स्वतःसाठी मागितलेली ही मला आठवते तेवढी पहिली गोष्ट.

अर्जाचं भिजत घोंगडं तसंच पडलेलं. मी रोज विचारायचे, "बाई, ते रजेचं..." आणि रोज उत्तर यायचं, "बघू."

इकडे वर्गात मी ठाम नकार शिकवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पुस्तिकेत तीन पायऱ्या दिल्या होत्या. पाय रोवा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. एका वाक्यात सांगा: 'नाही, मला जमणार नाही.' खाली ठळक अक्षरांत सूचना होती, की नकार देताना कारण देणे आवश्यक नाही. मी ती संध्याकाळी आईला वाचून दाखवली. तिला पटली नाही.

"असं कसं? मोठ्यांना नाही म्हणायचं, तर माणसाने निदान कारण तरी द्यावं."

"पुस्तिकेत तसं आहे, आई."

"मग पुस्तिका लिहिणाऱ्याला आई नसेल," ती म्हणाली.

पोरं मात्र काय शिकली! गुणाकार शिकवायला मला सहा महिने लागतात. हे त्यांना एका तासात आलं. दुसऱ्या दिवशी फळा पुसायला सांगितला, तर पहिल्या बाकावरचा उठला, पाय रोवले, डोळे वटारले आणि म्हणाला, "नाही, मला जमणार नाही." मी कारण विचारणार होते, पण कुठल्या तोंडाने विचारू? तिसऱ्या दिवशी एक वडील तणतणत आले. "बाई, काय शिकवलंत हो पोराला? अंघोळ कर म्हटलं, तर दारात उभा राहून माझ्या डोळ्यांत बघतो!" मी म्हटलं, "कौशल्य आहे ते." ते म्हणाले, "कौशल्य असू दे, पण वास येतोय."

व्यवसायांचं तर विचारूच नका. प्रत्येकाला एक कागद: 'मोठेपणी मी ______ होणार', आणि खाली 'कारण'. उत्तर त्या सोळा चित्रांमधूनच द्यायचं. एकाला रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचे होते. त्याने शाळेबाहेर ते काम चालू असताना तासभर उभं राहून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सोळांत पट्टे नव्हते, म्हणून त्याने मोकळ्या जागेत लिहिलं, 'पट्टेवाला'. कागद मोठ्या बाईंच्या हाती लागला आणि त्यांचा चेहरा पडला.

"आपल्या शाळेतून शिपाई व्हायचंय याला? साहेब काय म्हणतील?"

"अहो, पट्टे मारणारा, बाई. रस्त्यावरचे."

"मग 'कला व रचना' लिहा," त्या म्हणाल्या, आणि पोराचं स्वप्न त्यांनी स्वतःच्या पेनाने दुरुस्त केलं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. प्रश्न इतके विचारते, की मी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलंय. तिला पहिलीपासून बाई व्हायचंय. मधल्या सुट्टीत खडूचे तुकडे गोळा करते, भिंतीला शिकवते, भिंतीला ओरडतेसुद्धा. हुबेहूब माझ्यासारखी, कमरेवर हात ठेवून. तिचा कागद मी वाचायचीही गरज नव्हती.

सोमवारी मोठ्या बाई वर्गाच्या दारात आल्या. शुक्रवारी सगळ्या शाळांचा मोठा मेळावा ठरला होता, पाहुणे येऊन क्रमांक देणार होते, आणि बारापैकी एका कौशल्याचा नमुना पाठ व्यासपीठावर दाखवायचा होता. सातव्याचा. "शुक्रवारी दहाला. तुम्ही आहातच."

शुक्रवारी. दहाला. पाठीमागे चौतीस मुलं ऐकत होती.

"बाई, त्या दिवशी माझा अर्ज..."

"हो हो, तो बघू. पण हे करताय ना?"

आणि मी, बावीस वर्षांची सवय, म्हटलं, "बघते."

मंगळवारी कागद गोळा केले. प्रश्नपत्रिकेच्या कागदावर 'बाई' लिहिलेलं होतं, आणि ते खोडलेलं होतं. तिने इतकं खोडलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं. शेजारी लिहिलं होतं: 'आता नाही.' खाली कारण: 'बाईंना नाही म्हणता येत नाही. मला येतं.'

रागच आला मला आधी. नऊ वर्षांची चिमुरडी, आणि माझं प्रगतिपुस्तक भरतेय! मग वर्गाकडे पाठ करून मी बराच वेळ स्वच्छ फळा पुसत उभी राहिले.

बुधवारी तपासणीचे साहेब आले, शुक्रवारची तयारी बघायला. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि पट्टेवाल्याला म्हणाले, "काय रे, मोठा होऊन इंजिनिअर होणार ना?"

तो उठला. पाय रोवले. "नाही, मला जमणार नाही."

"डॉक्टर?"

"नाही, मला जमणार नाही."

साहेब खूश झाले. म्हणाले, काय आत्मविश्वास! मोठ्या बाई अशा हसल्या, की जणू तो पाय त्यांनीच रोवला होता.

"शुक्रवारी पाहुण्यांना हेच दाखवा," साहेब म्हणाले.

"बाई दाखवतील ना. काय बाई, करताय ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

चौतीस पोरं माझ्याकडे बघत होती. 'बघ' माझ्या जिभेच्या टोकावर आलेलंच होतं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावर कोणीतरी उभं राहिलं. प्रश्नपत्रिका. तिने फक्त खाली बोट केलं, माझ्या पायांकडे.

मी पाय रोवले. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत बघितलं. बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ते घारे आहेत, हेही मला ठाऊक नव्हतं.

"नाही, मला जमणार नाही."

मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! याला म्हणतात शिक्षक! स्वतः करून दाखवायचं! हेच, अगदी हेच शुक्रवारी करा."

"नाही साहेब, मला शुक्रवारी जमणार नाही."

"अहो, काय तो स्वर!" साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि आता मोठ्या बाईही वाजवायला लागल्या. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा टाळ्या. आता काय करावं माणसाने? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले, तर तो नमुना पाठ ठरला.

माझ्या मुलांनी मात्र टाळ्या वाजवल्या नव्हत्या. प्रश्नपत्रिका उभीच होती.

"साहेब," ती म्हणाली, "बाई खरंच म्हणतायत."

टाळ्या बंद झाल्या. साहेबांनी उरलेलं पाणी प्यायलं. मोठ्या बाईंचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "कारण काय?"

"कारण तुमच्या खणात आहे," मी म्हटलं. "बारा दिवस झाले."

त्या बघू म्हणाल्या नाहीत. साहेबांना घेऊन निघून गेल्या. सुट्टी झाल्यावर प्रश्नपत्रिका टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मला दुसरा कोरा कागद मिळेल का?"

"कशाला गं?"

"बघते," ती म्हणाली, आणि कागद घेऊन पळाली.

शुक्रवारी दहाच्या आधी मी दवाखान्यात होते. सही केली, आईच्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, ती आत जाईपर्यंत तिचा हात धरून चालले. बाहेर आणलं तेव्हा माझ्या पावलांवरूनच तिने ओळखलं. विचारावं लागलं नाही.

ती पडून होती आणि चौथीच्या बाईंचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना. मेळाव्यात मोठ्या बाई स्वतः माझ्या वर्गाला घेऊन व्यासपीठावर उभ्या राहिल्या. "चला मुलांनो, दाखवा पाहुण्यांना!" चौतीस पोरांनी पाय रोवले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि एका सुरात म्हणाली, "नाही, आम्हाला जमणार नाही." मोठ्या बाईंनी समजावलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. पोरं ढिम्म हलली नाहीत. पाहुणे टाळ्या वाजवून थकले. शाळेला पहिला क्रमांक मिळाला, आणि मोठ्या बाईंना प्रभावी अध्यापनाचं मानपत्र.

मी हे सगळं आईला सांगितलं. तिला हसायचं नव्हतं, डोक्याला हिसका बसू द्यायचा नव्हता, तरी ती ओठ मिटून हसली.

"म्हणजे मोठ्या बाईंना तू तोंडावर नाही म्हणालीस?"

"हो."

"आणि जग बुडालं?"

"नाही गं. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

माझा हात तिने धरूनच ठेवला होता. मग अगदी सहज, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं, तिने विचारलं, "मग मागच्या वेळी का नाही म्हणालीस गं?"

मी तोंड उघडलं. 'अगं, तो फलक' असं काहीतरी म्हणणार होते.

"राहू दे," ती म्हणाली. "कारण द्यायचं नसतं ना?"

मी तिचा हात घट्ट धरला आणि रडले. मागच्या वेळीही मी नाही म्हटलंच होतं. फक्त ते आईला म्हटलं होतं.