माशी शिंकली कुठं

“एक भर, एक सोड, मग चार भर रे,
घोडा ओढ पुरता मागं, रित्यावर धर रे.
सहा घरांची वस्ती, पाचांत पाहुणा,
एक घर रितं राखी घरच्यांच्या प्राणा.”

वडिलांचा हा आवाज लेआंद्रो ऊलिबारीच्या कानात शिरला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. आता खरे दातही पडायला लागले, तरी आवाज तिथंच. मेंढरांमागं हाका मारून खरखरीत झालेला, अर्धा गाणारा, अर्धा दटावणारा. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की तो आपोआप सुरू होई. चक्राच्या सहा घरांपैकी एक रिकामं ठेवायचं आणि घोडा त्यावर निजवायचा, म्हणजे कमरेचं हत्यार आपटलं तरी बार उडत नाही. गाण्याचा अर्थ एवढाच. पण लेआंद्रोला त्यात वडिलांच्या तंबाखूचा वासही यायचा.

हत्यारही वडिलांचंच. पावणेपाच इंची आखूड नळीचं, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारं, दर बाराला घोडा अंगठ्यानं मागं ओढावा लागणारं. सान ग्रेगोरियोच्या खोऱ्यात रविवारची प्रार्थना आटोपली की गावातले सात-आठ जण ओढ्याकाठी जमत, लोखंडी पाट्या टांगत आणि असल्याच जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांनी नेम धरत. एकानं मारायचं, जोडीदारानं मोजायचं. नेम चुकला की जोडीदारानं पिन्योनची, म्हणजे डोंगरातल्या बुटक्या चिलगोज्याची, एक बी मुठीत घ्यायची. बार संपले की मूठ सगळ्यांपुढं उघडायची. मूठ रिकामी निघाली तर टाळ्या.

लेआंद्रोचा जोडीदार ओनोफ्रे माएस. ओनोफ्रेच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी लेआंद्रोनं हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे. त्या नात्यात थट्टेला सूट असते, खोटं बोलायला नसते. ओनोफ्रेची मूठ लेआंद्रोसाठी दर रविवारी रिकामीच उघडे. काळ्या दारूच्या धुरात पाटी दिसायची नाही आणि कानांत बोळे, म्हणून लेआंद्रो मुठीकडंच बघायचा. टाळ्या पडल्या की टोपी काढायचा. लोकही मायाळू. त्याची पाळी आली की कुणी ना कुणी ओनोफ्रेच्या खिशात ओंजळभर पिन्योन ओतून जायचं.

मग एका मंगळवारी माशी शिंकली.

काहीच काम नव्हतं, म्हणून त्यानं घरामागच्या कुंपणावर घेवड्याचे रिकामे डबे मांडले. बायको, रोसेंदा, गेल्यापासून रविवार सोडला तर त्याला काहीच काम नसे. बार केले. धूर वाऱ्यानं नेला. डबे जागच्या जागी. एकाचं झाकण तर असं लोंबत होतं, जणू जीभ काढून दाखवतोय. पुन्हा भरलं, पुन्हा मारलं. कुंपणावरचा कावळा आधी उडाला होता, तो परत येऊन बसला. त्यालाही कळून चुकलं असावं.

“सहा दिवस आंधळं आणि रविवारी डोळस?” लेआंद्रो कुत्र्याला म्हणाला. “असलं कसलं हत्यार?”

त्यानं रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरलं. नळीच्या टोकावर लोखंडाचा पातळ कपचा उभा असतो, ती माशी. मागच्या खाचेत ती बसवायची आणि चाप दाबायचा. पण माशीला कडाच दिसेना. कुणी लोणी माखल्यासारखी ती पसरली होती. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झिजली! वडिलांची पन्नास वर्षं आणि त्याची तितकीच, कातडी म्यानात ये-जा करून माशी झिजली. डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. डोळे काय, पल्याडच्या उतारावरची गाय कुणाची हे तो शिंगांवरून सांगायचा.

मग रविवारी? रविवारचं त्याला कळेना. देवाची कृपा असावी.

पण येत्या रविवारी सान इसिद्रोचा सण होता, आणि सणाला जोडीदार मोजत नाही. खालच्या गावचा कारभारी येतो, मूठही त्याची आणि बियाही त्याच्या. त्या मुठीत तीन बिया निघाल्या की माणसानं हत्यार खुंटीला टांगायचं आणि मोठ्या झाडाखालच्या वेताच्या खुर्चीत बसायचं. तिथं सरबत मिळतं, कलिंगड मिळतं, लेकीसुना विचारपूस करतात. त्या खुर्चीतून उठून पुन्हा नेम धरायच्या रेषेवर आलेला माणूस मात्र कुणी पाहिला नव्हता. आठवड्यातला एक दिवस लेआंद्रोला रेषेवरून कुणी तरी नावानं हाक मारत होतं. तीही हाक गेली की सातही दिवस कुत्रा आणि तो.

म्हणून दुसऱ्याच दिवशी तो रातोन शहरात नवं रिव्हॉल्व्हर घ्यायला निघाला. गाडी ओनोफ्रेची, आणि त्याच्या तोंडात पिन्योन. फोडायचा, टरफल खिडकीतून थुंकायचा.

“साडेसात इंची घे,” ओनोफ्रे म्हणाला.

लेआंद्रोनं वळून बघितलं. “कोण बोलतंय हे? लांब नळीला तू काय म्हणायचास?”

“काय म्हणायचो?”

“कपडे वाळत घालायची काठी. ती म्यानातून निघेस्तोवर चोर लग्न करून पोराचं बारसं उरकेल, म्हणायचास.”

“माणूस पुढं शहाणा होतो.”

“तू? कधी झालास? मला कळवलं नाहीस.”

“कळवणार होतो,” ओनोफ्रे म्हणाला आणि आणखी एक बी फोडली. हेही नवीनच. थट्टेला थट्टा परत न करणारा ओनोफ्रे लेआंद्रोनं फक्त रोसेंदाच्या दफनाच्या दिवशी पाहिला होता.

विल्डाबाईचं हत्यारांचं दुकान स्टेशनामागं. बाई आडव्या अंगाची, चष्मा साखळीला. लेआंद्रोनं रिव्हॉल्व्हर घरं उघडून, रिकामं करून तिच्यापुढं ठेवलं. तिनं मापाच्या चिमट्यात माशी धरली, आकडा वाचला, पुन्हा धरली.

“झिजलेली नाही, डॉन लेआंद्रो,” ती आदरानं म्हणाली. “ कातड्यानं चकाकलीय एवढंच. तुमच्या वडलांनी घेतली तेव्हा होती तेवढीच आहे.”

“मग शिंकली कुठं?”

“ते मला काय विचारता? बार तुम्ही करता.”

ओनोफ्रे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. गेल्या वर्षीचं होतं.

“तरी दुसरं दाखव,” लेआंद्रो म्हणाला.

तिनं हिरव्या कापडावर तीन मांडली. एकाच घडणीच्या, एकाच मुठीच्या तीन बहिणी. धाकटी पावणेपाच इंची, मधली साडेपाच, थोरली साडेसात. मग बाई सुरू झाली. धाकटी म्यानातून झटकन निघते, बोट दाखवावं तशी रोखली जाते. थोरलीचं वजन पुढं असतं, म्हणून धक्क्यानं तोंड कमी उडतं. शिवाय खाच आणि माशी यांच्यातलं अंतर जास्त, म्हणजे हात जरा हलला तरी लगेच दिसून येतं. मधली दोन्हींतलं थोडं थोडं देते.

“म्हणजे दोन्हींतलं काहीच नीट देत नाही,” लेआंद्रो म्हणाला.

“तसंही म्हणता येतं.”

“तू विकायला बसलीस की घोळ घालायला?”

“घोळ फुकट आहे. रिव्हॉल्व्हरचे पैसे पडतील.”

त्यानं एकेक उचललं. धाकटी घेतली की हात म्हणे, हीच, हिला मी ओळखतो. थोरली घेतली की खांदा कुरकुरे, ही बादली कुणी दिली? मधली काहीच बोलेना. पाहुणी येऊन खुर्चीच्या कडेवर बसावी तशी तळव्यात बसून राहिली. पुन्हा धाकटी. पुन्हा थोरली. लग्नाची मुलगी बघायला गेला होता तेव्हाही त्याचं इतकं डोकं फिरलं नव्हतं. तेव्हा रोसेंदानंच स्वैपाकघरातून डोळा घातला होता, निवड तिथंच संपली होती.

“थोरली,” ओनोफ्रे कॅलेंडरला म्हणाला.

“तुला इतकी हौस असेल तर तूच घे!”

“मागं चला,” विल्डाबाई म्हणाली. “हातांना आणि खांद्यांना काय विचारता? पाटीला विचारा.”

दुकानामागं मातीचा उंच बांध होता, त्यापुढं लोखंडी पाटी. बाईनं तिला पांढरा रंग फासला. गोळी जिथं लागेल तिथं रंग उडून काळा डाग पडणार. काडतुसं बिनधुराची. लेआंद्रोनं कानांत बोळे घातले. वडील गायला लागले. एक भर, एक सोड. त्यानं धाकटी भरली, रोखली, घोडा ओढला. बार. बार. पाचही.

पाटी बर्फासारखी पांढरी.

धूर नव्हता, धुक्याचं नाव नव्हतं. दोष द्यायला काहीच नव्हतं. बांधात मातीचे पाच नवे खळगे तेवढे दिसत होते.

“हात गरम झाला नाही अजून,” तो म्हणाला.

मधलीनं एक डाग पाटीच्या कडेला उमटवला, तोही ओशाळल्यासारखा. मग थोरली. लेआंद्रोनं ती दोन्ही हातांत धरली, वर उचलली, आणि थबकला. लांबवर, नळीच्या टोकाला, माशी उभी होती. कडा असलेली, काळी, कुंपणावरच्या कावळ्यासारखी स्पष्ट. किती दिवसांनी भेटली! तो क्षणभर चाप दाबायचंच विसरला.

पाटीवर तीन डाग उठले.

“बघा,” विल्डाबाई म्हणाली. “तुमच्या वयाची निम्मी माणसं थोरलीवरच येतात. जवळचं अंधुक होतं. माशी डोळ्यापासून पुढं सरकली की पुन्हा दिसते.”

“माझे डोळे? तो बघ, डोंगराच्या खांद्यावर घोडा आहे. तांबडा. मागचा डावा पाय पांढरा.”

“लांबचं दिसतंच हो. वर्तमानपत्र कसं वाचता?”

“चष्म्यानं. चष्मा लावूनही नेम धरला होता मी. माशी दिसते, मग पाटी हरवते.”

“तेच तर म्हणतेय.”

लेआंद्रोनं बोळे काढले. त्याच्या कपाळावर एक आठी आली, तिच्यावर दुसरी चढली. “थांब, थांब. समजा, आखूड नळीवरची माशी मला दिसत नाही. घरी डबे पडले नाहीत, बरोबर. इथं पाटी पांढरी राहिली, बरोबर. मग रविवारी कसं? त्याच आखूड नळीनं दहा महिने माझा एक नेम चुकला नाही. विचार याला! कोम्पाद्रे, सांग हिला.”

ओनोफ्रेच्या गालात पिन्योन होती. ती फुटण्याचा आवाज आला, टरफल मात्र बाहेर आलं नाही.

विल्डाबाईनं ओनोफ्रेकडं बघितलं, मग पाटीकडं, मग तिला एकदम शेगडीवरच्या कॉफीची आठवण झाली. जाताना तिनं दार ओढून घेतलं.

लेआंद्रो येरझाऱ्या घालत होता. “प्रार्थनेनंतर मारतो म्हणून असेल. ओढ्याकाठचा उजेड वेगळा असेल. का वडलांचं हत्यार ओढ्याला ओळखतं?” बोलता बोलता तो थांबला. चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू निवळला आणि त्या जागी एक आनंदी, हट्टी भाव आला. ओनोफ्रेला तो भाव बघून धडकीच भरली. “ठरलं. काही नको घ्यायला. डब्यांवर नेम चुकला म्हणून काय झालं? सणाला मला डबे थोडेच मारायचेत? रविवारी ते चुकत नाही, आणि सण रविवारीच आहे. वडलांचंच नेतो.”

“नको,” ओनोफ्रे म्हणाला.

“का नको?”

“थोरली घे, कोम्पाद्रे. चार दिवस आहेत. रोज येतो मी, सराव करू. तीन डाग पडले, पाच पडतील.”

“पण ज्यानं कधी चूक केली नाही ते टाकून ही बादली का उचलू? कारण सांग. सकाळपासून काठी घे, काठी घे लावलंयस. कारण एक सांगत नाहीस.”

“कारभारी मोजणार आहे.”

“मोजू दे की. तू मोजलंस तसंच तोही मोजेल.”

ओनोफ्रेनं टोपी काढली, पुन्हा घातली. जाकिटाच्या खिशात हात घातला आणि मूठ लेआंद्रोपुढं धरली, ओढ्याकाठी धरायचा तशीच. मग ती उघडली. मूठ भरलेली होती. तपकिरी, गुळगुळीत पिन्योन, एकमेकींवर दाटलेल्या, दोनचार घरंगळून मातीत पडल्या.

लेआंद्रो बियांकडं बघत राहिला. मोजायला लागला, मधेच सोडलं. “या कसल्या?”

“तुझ्या.”

“माझ्या? मी कुठं दिल्या?”

“गावानं दिल्या. दर रविवारी, तुझी पाळी आली की.”

“त्या तर तुला आवडतात म्हणून…”

“मला पिन्योन कधीच आवडल्या नाहीत, लेआंद्रो. दात दुखतात.”

वारा बांधावरून खाली आला. पाटी आपल्या साखळीत जराशी हलली, वाजली नाही. लेआंद्रोच्या हातातल्या लांब नळीचं टोक हळूहळू जमिनीकडं झुकलं. तो कोम्पाद्रेच्या तोंडाकडं बघत होता, त्या सतत हलणाऱ्या जबड्याकडं. आज पहिल्यांदा तो जबडा थांबला होता.

“मग मूठ रिकामी कशी निघायची?” त्यानं विचारलं, अगदी हळू, जणू उत्तर त्याला ऐकू येऊ नये.

“तुझे चुकलेले नेम मी खाल्ले, कोम्पाद्रे,” ओनोफ्रे म्हणाला. “रोसेंदा गेली तेव्हापासूनचे, सगळे.”