रविवारचं बाळ

बाप्तिस्म्याचं पाणी ज्यात ओततात तो कथलाचा वाडगा मी. मुक्काम मार्शब्रुक, मॅसॅच्युसेट्स, प्रार्थनाघरातलं टेबल. समुद्र ओलांडून आलो तेव्हा माझ्यात ओटची पेज असायची. गावातल्या मेहिटेबलच्या आईने मला मंडळीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, स्वाधीन केलं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बाळाच्या कपाळाला माझ्यातलंच पाणी लागलं. मेहिटेबलच्याही.

तिचं बाळ मात्र रविवारी जन्मलं.

"रविवारी जन्मतं ते रविवारीच पोटात राहिलेलं असतं," पाळक व्हिपल म्हणाले. "प्रभूचा दिवस विटाळलात तुम्ही दोघांनी. आधी मंडळीसमोर पाप कबूल करा. मग बाप्तिस्मा."

तिचा नवरा जाबेझ ताडकन उठला. "न केलेलं पाप कबूल करू? पाळकसाहेब, तुमची गाय गेल्या रविवारी व्याली. तिचं दूध ओतून देता की पिता?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांचे कान लाल झाले. त्याच आठवड्यात जाबेझला उद्धटपणाबद्दल मंडळीतून काढलं. गाईच्या प्रश्नाला उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

मग बाळाला ताप चढला. पुढच्या रविवारी मेहिटेबल त्याला शालीत गुंडाळून थेट टेबलापाशी आली. मंगळवारी जन्मलेल्या एका मुलीसाठी मी भरलेला होतो. पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

"मी कबूल करते. तुम्ही म्हणाल ते सगळं. फक्त आज पाणी लावा त्याला, बाप्तिस्म्यावाचून जायला नको ते."

"खोटं बोलू नकोस, मेहिटेबल!" जाबेझ दारातून ओरडला.

"तुमचं खरं तुम्हालाच राहू द्या! पोर जळतंय माझं!"

पाळक खाली बघत म्हणाले, "बाई, कबुलीवर मंडळीचं मत घ्यावं लागतं. पुढच्या रविवारी घेऊ."

त्यांच्या हातापासून मी वीतभर लांब होतो. वीतभर!

बाळ गुरुवारी गेलं.

तरी रविवारी मत घेतलंच. सगळ्या पुरुषांचे हात वर. एकमताने क्षमा! बाळाच्या पेटीला खिळे ठोकणारा हातही त्यांत होता. मेहिटेबल उठली आणि मला पाण्यासकट उचलून चालू लागली.

"अगं, भांडं मंडळीचं आहे," मंडळीचा कारभार बघणारे डीकन पुटपुटले.

"माझ्या आईचं आहे."

कबरीवर तिने मला उपडं केलं. जमीन इतकी थिजलेली, की पाणी मुरलंच नाही, वरच गोठलं.

डीकनांनी मला परत आणलं, घासून लख्ख केलं. आता पुन्हा टेबलावर आहे. लोकहो, पुढचं बाळ आणाल तेव्हा त्याचा वार विचारू नका. मला हात नाहीत. ज्यांना होते, त्यांनी ते आठवडाभर उशिरा वर केले.