केलतं की करत होतो?

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, पाटोद्याचे सुतार खाजामियाँ यांनी मला घडवलं. त्यांनी फळ्या इतक्या घट्ट सांधल्या की आजही माझ्यात चीर नाही. शाळेतल्या मुलांनी कोळसा आणि वेलाचा पाला घासून मला काळंभोर केलं.

तीस वर्षं सुनिताबाईंनी माझ्यावर इंग्रजी शिकवलं. डाव्या अंगाला अपूर्ण भूतकाळ, उजव्या अंगाला पूर्ण. तपासणीला येणारे साहेबसुद्धा माझ्याकडे बघत राहायचे.

पुढे वर्गात मोठा पडदा लागला. बाई निवृत्त होताना मला घरी घेऊन आल्या खऱ्या, पण गच्चीवर दोन विटांवर मी आडवा झालो आणि माझ्यावर पापड वाळू लागले. वाईट वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात बाईंचा जुना विद्यार्थी मुस्तकीम आला. तेलगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो मेकॅनिक आहे. तिथं यंत्राचा पट्टा तुटून सत्यम नावाच्या कामगाराच्या हाताला लागलं होतं. मालक परराज्यातले. काय घडलं ते त्यांनी मुस्तकीमकडून इंग्रजीत लिहून मागितलं होतं. पाठवण्याआधी बाईंच्या नजरेखालून जावं, म्हणून तो कागद घेऊन आला होता.

बाईंनी कागद वाचला. मग पापड गोळा केले आणि मला भिंतीला उभं केलं. सत्यमनं बटण दाबलं तेव्हा तुझं काम चालू होतं का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई बाई. मी मशीन दुरुस्त केलतं. मीच त्याला म्हणलो, कर चालू. पट्टाच लई जुना होता."

बाईंनी डावीकडे त्याच्या कागदावरचंच वाक्य लिहिलं: 'आय वॉज रिपेअरिंग द मशीन व्हेन सत्यम स्टार्टेड इट.' याचा अर्थ, मुस्तकीमचे हात यंत्रात असतानाच सत्यमनं ते चालू केलं. सगळा दोष सत्यमच्या माथी.

मुस्तकीमचा चेहरा उतरला. "माझ्या हातानं त्याची नोकरी गेली असती, बाई."

"तू आत्ता 'केलतं', म्हणजे 'केलं होतं', असं म्हणालास ना?" बाई म्हणाल्या. "तोच पूर्ण भूतकाळ. दोन गोष्टी घडल्या, त्यातली आधी होऊन गेलेली या रूपात लिहायची."

त्यांनी खडू त्याच्या हाती दिला. उजवीकडे त्यानं लिहिलं: 'आय हॅड रिपेअर्ड द मशीन बिफोर सत्यम स्टार्टेड इट.' खाली जुन्या पट्ट्याचं लिहिलं. 'चालू करायला मीच सांगितलं' हे लिहिताना मात्र खडू थांबला. पण त्यानं तेही लिहिलं.

महिन्याभरानं तो सत्यमला घेऊन आला. हाताची जखम भरत आली होती आणि दोघांचीही नोकरी शाबूत होती. मालकांनी जिनिंगमधले सगळे पट्टे बदलले होते. बाईंनी माझ्यावरचं पुसलं नव्हतं. आपलं वाक्य कुठलं, असं सत्यमनं विचारलं. मुस्तकीमनं बोट ठेवलं. सत्यमनं एक एक अक्षर लावत आपलं नाव वाचलं आणि बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. मित्रांनो, इतका मान मला कुठल्याच साहेबानं दिला नव्हता.

आता मी बाईंच्या ओसरीत आहे. रोज संध्याकाळी मुलं शिकायला येतात. तुमच्या शाळेतही एखादा फळा भिंतीकडे तोंड करून पडला असेल. त्याला वळवा, ओल्या फडक्यानं पुसा. आणि कुणाविषयी लिहायची वेळ आली, तर आधी काय झालं होतं ते नीट विचारा, मगच लिहा. तुमच्या एका क्रियापदावर कुणाची तरी भाकरी असते.