शेंगांखालची औषधं

कमळ पिशवीत वर वालाच्या शेंगा ठेवी आणि खाली जब्बारच्या क्षयाच्या गोळ्या. नर्सिंगला शिकणारी वळ गावची ही मुलगी धामणकर नाक्यामागच्या गल्लीत शिरली, की बायकांना वाटे, जोहराकडे शेंगा द्यायला आली. नवऱ्याचा आजार यंत्रमागाच्या शेठच्या कानावर गेला, तर जब्बारचं लूमवरचं काम त्याच दिवशी जाईल, ही जोहराची धास्ती.

"तुझ्या शेंगा खाऊन पोटं फुगली गं, बाय," जोहरा म्हणायची. "पन यांचा खोकला उतरलाय हां."

अठ्ठ्याऐंशी साल होतं. डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य शिकणाऱ्या सगळ्या मुलांनी मिळून वस्तीत जायचं, एकमेकांकडून शिकायचं, असं नवंच शिक्षण निघालं होतं. मदत होईल म्हणून कमळने गटात जब्बारची हकीकत सांगितली. सर खूश झाले. "शुक्रवारी सगळेच जाऊ. लूम बंद, म्हणजे तो घरी सापडेल."

"सर, शुक्रवारी अख्खी गल्लीच घरी असते. निदान एप्रन तरी नको."

"सिस्टरला एप्रनची लाज वाटते," डॉक्टरकीचा रामनाथ म्हणाला. सगळे हसले.

शुक्रवारी पाच पांढरे एप्रन जोहराच्या दारात उभे राहिले. रामनाथने उंबऱ्यातूनच विचारलं, "थुंकता कुठे?" एकाने अंडी खायला सांगितली. समाजकार्याच्या मुलीने मायेने खिडकी उघडली, हवा हवी म्हणून. बाहेर माणसंच माणसं. जब्बार भिंतीकडे तोंड करून बसला.

पुढच्या वेळी कमळ पिशवी घेऊन गेली, तर दाराला कुलूप. शेजारची हबीबा म्हणाली, "शेठने दुसऱ्याच दिवशी जब्बारला कामावरनं काढला. दोघं पडघ्याकडे गेली बिचारी. पत्ता नाय दिला. जोहरा म्हनली, आता औषधवाले घरात नको."

कमळने पडघ्याचा बाजार पालथा घातला, एस.टी. स्टँडवर विचारलं. काही कळलं नाही. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या की हा आजार पुन्हा उसळतो, आणि मग औषधांनाही दाद देत नाही, हे तिला पाठ होतं.

त्या फेरीचं कॉलेजात कौतुक झालं. "आता पुढचं घर कुणाचं, कमळ?" सरांनी विचारलं.

त्याच गल्लीतली कुबरा पदरात तोंड खुपसून खोकायची. पिशवीत तिच्यासाठी आजही शेंगा होत्या.

"मला कुणी माहीत नाही, सर," कमळ म्हणाली.