दादाभाऊच्या भिंतीचं उत्तर

शहाण्णव सालच्या भाद्रपदात माझ्या मेव्हण्याचं, आहुप्याच्या दादाभाऊचं, एक पोस्टकार्ड आलं. त्याला मी पाच वर्षं उत्तर दिलं नाही. दिलं नाही म्हणणंही पूर्ण खरं नाही. मी ते देतच होतो, फक्त ते संपत नव्हतं.

कार्डावर चारच ओळी होत्या. 'दाजींस दादाभाऊचा नमस्कार. पावसानं मावळतीकडची भिंत पडली. विटा घालून वर स्लॅब टाकू, का परत कारवीचा कूडच घालू? तुम्ही पुस्तकं वाचता, तर तुमचं पत्र आल्याबिगर काम सुरू करत नाही.'

कारवीचा कूड म्हणजे वाळलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या. मीही मूळचा डोंगरातलाच, जुन्नरच्या बाजूचा, असल्याच भिंतीआड वाढलेला. पण नोकरी लागली वाचनालयात, घर केलं महाळुंगे पडवळला, आणि तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली. ज्याच्या हातात पुस्तकं असतात त्याला सगळं ठाऊक असतं, असा लोकांचा समज होतो. तो मी कधी खोडून काढला नाही, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

उत्तर जबाबदारीनं द्यायचं म्हणून मी एक वही केली. पाऊस सरला की घराचं खरं रूप कळतं, असं माझं मत आहे, चुकीचंही असेल. तर दर वर्षी घट बसायच्या आधी मी संध्याकाळी गावातून चक्कर मारी आणि घरी येऊन नोंदी करी.

'सत्त्याण्णव. गावात नवे स्लॅब सात. पैकी गळणारे पाच. न गळणाऱ्या दोहोंचे मालक पुण्याला असतात, त्यामुळे खात्री नाही.'

'अठ्ठ्याण्णव. पुढच्या मजल्यासाठी सळ्या उभ्या सोडण्याची पद्धत वाढली आहे. मजला कोणी चढवत नाही. धुणं वाळत घालायला मात्र सोय चांगली.'

'नव्व्याण्णव. सगळीकडे गुलाबी रंग. कारण कळले नाही.'

'दोन हजार. गळक्या स्लॅबवर पत्र्याची शेड टाकतात. म्हणजे छपराला छप्पर. यावर विचार करणे.'

वही भरत गेली तसं उत्तर लांबत गेलं. पहिल्या वर्षी ते दोन पानांचं होतं. तिसऱ्या वर्षी त्याला प्रास्ताविक आलं.

माझी बायको भागू ही दादाभाऊची थोरली बहीण. ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "त्यानं भिंत इचारली, तुमी गाव मोजताय. वीट म्हना न्हाईतर कूड म्हना. कार्डावर जागा असती किती?"

"पण माझ्या सांगण्यानं भिंत चुकली तर?"

"पडल्याली भिंत आनी काय चुकायची, राव?"

तिचं हे वाक्यही मी वहीत लिहून ठेवलं.

दोन हजार एकच्या अधिक आश्विनात, घट बसायला पाच दिवस असताना, दादाभाऊची बायको सखूबाई थेट आमच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी होती. पाणी पिण्याआधीच ती म्हणाली, "दाजी, पाच वर्सं खताच्या पोत्यांच्या आडोशाला देवी बसवली. औंदा न्हाई बसवनार. घटाच्या आदी भिंत झाली तर ठीक, न्हाईतर मी चालले म्हायेरी, ती माघारी येनार न्हाई. दर उनाळ्यात कारवी तोडून ठिवते आनी दर पावसाळ्यात चुलीत घालते. ह्यांना इचारलं की एकच, दाजींचं पत्र येऊ द्या."

एका माणसाचा संसार मोडायला निघाला होता आणि कारण होतं माझं प्रास्ताविक.

"वही दाखवू का?" मी विचारलं.

भागूनं माझ्याकडे पाहिलं आणि माझी पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं घोडेगावहून एस.टी.नं आहुप्याला पोचलो. दादाभाऊ अंगणात बसला होता. बुडाखाली विटा होत्या. कधीतरी स्लॅबच्या उत्साहात त्यानं चाळीस विटा आणल्या होत्या, त्यांच्या आता चार बैठका झाल्या होत्या. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. बायका आत गेल्या तसं त्यानं मला गोठ्यामागं नेलं.

"दाजी, हात जोडतो. उत्तर देऊ नका."

"का?"

"वीट म्हनलं तर विटा वाहाव्या लागत्यात. कूड म्हनलं तर काठ्या बांधाव्या लागत्यात. तुमचं पत्र येत न्हाई तवर मी मोकळा. पाच वर्सं लई सुखात गेली बगा."

माझ्या अनिश्चितपणानं कोणाचं तरी भलं झालं होतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण थोडं बरंच वाटलं.

"अरे, पण सखूबाई निघाली."

"ती दर साल निगती."

"पिशवी भरलीय तिनं."

त्यानं गोठ्याआडून घराकडे डोकावून पाहिलं. पिशवी याआधी कधी भरली नव्हती.

तेवढ्यात बांधावरून भिमाजीनं हाक दिली. भिमाजी वाडीतला जाणता; कोणाचंही छप्पर असो नाहीतर भिंत, कोणी कुठं उभं राहायचं ते तोच सांगे. "जावई आलं का? मंग ठरलं," तो म्हणाला, आणि अर्ध्या घटकेत वाडी अंगणात.

मला आधी समजेना की एवढी घाई कशाची. मग उलगडा झाला. त्या वाडीत सावड चालते: आज सगळ्यांनी मिळून तुझं काम करायचं, उद्या माझं. दादाभाऊ स्वतःच्या भिंतीला आळशी, पण दुसऱ्याच्या भिंतीला सगळ्यात आधी हजर. तिथं जेवण असतं. पाच वर्षं तो घरोघर लिंपत फिरला होता आणि लोकांना त्याची परतफेड करायला त्याची भिंतच मिळत नव्हती.

"आमच्या डोक्यावर ह्याच्या सावडी साठल्यात पावणं," भिमाजी म्हणाला. "झोप लागंना झालीय. काय घालायचं ते सांगा. कारवीचे भारे आनलेत, विटा चाळीस हायेत."

माती दोन्हीला लागते, म्हणून बायकांनी तोवर अंगणातल्या खड्ड्यात माती, शेण आणि पेंढा टाकून पाणी सोडलंही होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. वीस-पंचवीस माणसं एकदम माझ्याकडे बघतात तेव्हा मी मागं सरकतो. ही माझी जुनी सवय आहे. मी वही उघडली, घसा साफ केला, "प्रास्ताविक," असं म्हणालो, एक पाऊल मागं सरकलो, आणि खड्ड्यात गेलो.

पडलो नाही. पोटऱ्यांपर्यंत उभाच्या उभा रुतलो. वाडीच्या जावयाला कामाला लावत नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या हातातली कामं थांबली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी एक पाय वर काढू लागलो तशी चिमाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "थांबा. उतरलं ना? आता ह्या मातीचा गारा मऊ व्हईस्तवर निगायचं न्हाई. तुडवायला उतरल्यालं मानूस मदीच निगालं की भिंतीला भेग जाती."

"ते जावई हायेत," दादाभाऊ म्हणाला.

"भेगंला म्हाईत न्हाई ते," चिमाबाई म्हणाली, लुगडं खोचून माझ्या शेजारी उतरली, आणि तिच्या मागं आणखी चौघी.

मग मी तुडवू लागलो. वही डोक्यावर धरली होती, कारण ठेवायला जागा नव्हती. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून त्या गोल फिरत होत्या, आणि मी त्या गोलात. माझ्या खांद्यावर चिमाबाईचा हात होता. माझं उत्तर येईतोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून तिकडे भिमाजी कारवीच्या काठ्या उभ्या करत होता आणि दादाभाऊ त्या बांधत होता. चिमाबाईचा नातू त्याला दोरी पुरवत होता. सुटायला वाट नव्हती म्हणून असेल, पण दादाभाऊच्या गाठी सुबक होत्या.

"बेस तुडवताय," अर्ध्या तासानं चिमाबाई म्हणाली. "घाई न्हाई तुमाला."

वाचनालयात माझ्या सावकाशपणाबद्दल तीन वेळा तक्रार झाली होती. मी आणखी सावकाश तुडवू लागलो.

"मंग काय घालायचं?" तिनं विचारलं. "सांगून टाका. हितं कोन न्हाई आपल्याबिगर."

"कूड," मी म्हणालो. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"का?"

"वहीत सगळं..."

"वही ऱ्हाऊ द्या वर."

"घटाच्या आधी कूडच होईल. स्लॅब व्हायला महिना लागेल आणि तो टाकणारी माणसं मिक्सर घेऊन निघून जातात. मग गळला की कोणाला बोलायचं ते कळत नाही. पाच वर्षं मी तेच बघतोय. इथं भिंत फुगली तर भिमाजीला घरात जाऊन बोलता येईल."

"मला का?" भिमाजी तिकडून म्हणाला.

"तुमालाच," सखूबाई दारातून म्हणाली. मग तिनं पिशवी खुंटीला अडकवली.

गारा लोण्यासारखा झाला तेव्हा मला बाहेर काढलं. दोघांनी धरून काढावं लागलं. दुपारी जेवणं झाली आणि दिवस मावळायच्या आत आतून बाहेरून लिंपूनही झालं. एवढ्या माणसांचे एवढे हात एका भिंतीवर फिरले, तरी कोणाचा धक्का कोणाला लागला नाही. हे वहीत कसं लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

घट बसले. सखूबाई राहिली. आम्ही निघताना मात्र ती एस.टी.पर्यंत आली आणि म्हणाली, "दाजी, तेवढं कार्ड धाडा."

"पण भिंत झाली."

"झाली, पन लिंपन दर साल लागतंय. पुढल्या घटाच्या आदी हे खाली बसून म्हनतील, दाजींचं उत्तर यायचंय."

दादाभाऊ तिच्या मागं उभा होता. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता: नको, नको.

घरी येऊन मी पोस्टकार्ड घेतलं. भागू समोर बसली. प्रास्ताविक लिहिलं नाही.

'दादाभाऊस आशीर्वाद. तुझं शहाण्णवचं कार्ड मिळालं. कूडच घाल. दर वर्षी घट बसायच्या आधी लिंप, आणि सावडीला जसा दुसऱ्याकडे लवकर जातोस तसा स्वतःकडेही जा. काही अडलं तर चिमाबाईंना विचार, मला नको. तुझा दाजी.'

चौकातल्या पेटीपाशी गेलो. कार्ड अर्धं आत सरकवलं आणि थांबलो. 'कूडच' मधला 'च' जरा जास्त ठाम वाटत होता.

"सोडा," भागू मागून म्हणाली.

मी सोडलं. मग दोन बोटं आत घालून पाहिली, पण फट अरुंद होती.