उरलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या मावशीला काही वाया गेलेलं खपत नाही. ताप उतरला की ती औषध बंद करते आणि उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात टाकते. मग शेजारी कुणाचा घसा दुखो, कुणाची दाढ ठणको, मावशी डबा घेऊन हजर. जंतू तपासायची नोकरी माझी, पण घरात डॉक्टर तीच.

परवा तिच्या पायाची जखम चिघळली. डब्यातल्या गोळ्या खाऊन संपल्या, तेव्हा कुठे ती हॉस्पिटलात आली. तिच्या जखमेतल्या पुवाचा नमुना माझ्याच टेबलावर आला. आम्ही काचेच्या बशीत जंतू वाढवतो आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. जे औषध लागू पडतं, त्याच्याभोवती जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो. सकाळी पाहिलं, तर जंतू टिकल्यांना अगदी खेटून बसलेले. गोल एकाच टिकलीभोवती होता, तोही जेमतेम.

तेच औषध आता सलाइनमधून चालू आहे. मी खुर्ची ओढून मावशीला सगळं सांगितलं. अर्ध्यावर सोडलेल्या औषधातून वाचलेले जंतूच पुढे शिरजोर होतात, हे सांगताना माझा आवाज चढला. ती शांतपणे ऐकत राहिली. मला वाटलं, पटलं एकदाचं.

"कळलं गं बाई," ती म्हणाली आणि पलीकडच्या खाटेवर कण्हणाऱ्या बाईकडे तिने हनुवटीने खूण केली. "मला आता बरंच बरं वाटतंय. बाटलीत उरलंय ते तिला लावायला सांग."