तपासणीपुरते पासपोर्ट

शर्टाच्या कारखान्यात दुसऱ्या देशातून शिवायला आलेल्या मुलींना त्यांचे पासपोर्ट फक्त तपासणीच्या दिवशी हातात मिळत. एरवी ते मालकांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात असत. हरवतील म्हणून ठेवलेत, असं मालक म्हणत आणि मुलींचं वसतिगृह सांभाळणारी मावशी मान डोलवी. सकाळी वाटायचे, संध्याकाळी गोळा करायचे, हे काम तिचंच. मधल्या वेळात तिच्या जिवाला घोर.

आज तो जास्तच होता. मायदेशी तिच्या आईने अंथरूण धरलं होतं, आणि तपासणी सुरळीत पार पडली की सुट्टी देतो, असा शब्द मालकांनी दिला होता. म्हणून तिने मुलींकडून उत्तरं घोकून घेतली होती. पासपोर्ट कुणाकडे? माझ्याकडे. बाहेर जाता येतं? वाटेल तेव्हा. एक मुलगी सारखी अडखळायची. मावशी तिच्यावर अशी खेकसली की त्या पोरीला होतं तेही आठवेना.

शर्ट विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाई तपासणीला आल्या आणि चहा नको म्हणाल्या. इथेच मावशीच्या मनात पाल चुकचुकली. बाई एकेका मुलीला आत बोलावून दार लावून घेत होत्या. मावशी दाराबाहेर पाण्याचा जग घेऊन उभी. पाणी कुणीच मागत नव्हतं. अडखळणारी मुलगी आत गेली तेव्हा तर मावशीने दाराला कानच लावला. पण तीही धड बाहेर आली.

शेवटी बाई उठल्या, मालकांशी दोन शब्द बोलल्या, पर्स खांद्याला लावली. मावशीने जग खाली ठेवला. मनातल्या मनात ती आईच्या उशाशी जाऊन बसलीसुद्धा.

"आणि मावशी, तुमचा पासपोर्ट?" बाईंनी जाता जाता विचारलं.

मावशीचा हात पुन्हा जगाकडे गेला. सगळ्यांचे काढले, पुसले, चेहरे बघून वाटले, पण स्वतःचा काढायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीही या मुलींसारखीच दुरून आलेली. पण तपासणी मुलींची असते, आपण मालकांच्या बाजूच्या, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

मालक हसले. "मावशी आमच्या घरच्याच आहेत. आणि त्या काही शर्ट शिवत नाहीत."

"शिवणाऱ्यांना सांभाळतात ना? शर्टावर नाव आमच्या कंपनीचं लागतं, मग विचारायचंही आम्हीच." बाई मावशीकडे वळल्या. "घरी शेवटचं कधी गेला होतात?"

वाटेल तेव्हा जाते, हे उत्तर मावशीला झोपेतही आलं असतं. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"आई आजारी आहे माझी. साहेब, द्या ना हो माझा पासपोर्ट. कपाटातच आहे, सगळ्यांचे असतात त्या खणात."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सुट्टी गेली, नोकरी गेली, आता आई कसली दिसतेय. मालकांनी खिसे चाचपले आणि किल्ली घरी राहिली म्हणाले. सकाळी त्याच किल्लीने त्यांनी कपाट उघडलं होतं.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. "मागवून घ्या. मी थांबते."

मालकांनी डोळ्यांनीच मावशीला खुणावलं, जा, मुलींचे गोळा कर. वसतिगृहात मुली पासपोर्ट पुढे धरून रांगेत उभ्याच होत्या, ही शिस्त तिनेच लावलेली. पहिलीने आपला तिच्या हातावर ठेवला. मावशीने तो तिच्याच मुठीत परत कोंबला.

"तुमच्याकडेच ठेवा. कुणी मागितला तरी देऊ नका. मी मागितला तरी."

मग एकीने हळूच विचारलं, "पण ठेवू कुठे, मावशी?"

मावशीने खोलीभर नजर फिरवली. खाटा, खाटांखालच्या पिशव्या, दोरीवरचे कपडे. या खोलीची झडती रोज तीच घ्यायची, आणि तिच्या हाताला लागणार नाही अशी जागा तिथे एकही नव्हती.